‘प्रवेशिका वेळेत पोचल्या’: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकाचे काम आणि त्याची रिकामी होणारी खुर्ची

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र आपल्याला लिहावे की क्रीडामंत्र्यांना, यातच माझे दोन दिवस गेले. या माणसाचे काम खेळाचे, पण पगार उच्च शिक्षणाचा. शिवछत्रपती पुरस्कार क्रीडा खाते देणार, पद मंजूर करायचे ते आपल्या खात्याने. दोन्ही खात्यांच्या मधल्या जागेत तो उभा असतो आणि दोघांनाही तो दुसऱ्याचा वाटतो. शेवटी ठरवले, ज्यांच्या खात्याच्या परवानगीशिवाय ही खुर्ची भरत नाही, त्यांनाच लिहू.

आमच्या महाविद्यालयाचे शारीरिक शिक्षण संचालक या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. त्यांच्या गौरवाच्या कार्यक्रमासाठी ‘कारकिर्दीचा आढावा’ लिहायचे काम माझ्याकडे आले. मी त्यांची जुनी धावपटू, आता सहकारी बँकेत आकडेमोड करते, म्हणून असेल. ऑफिसात माहिती मागितली तर नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, केलेला एक तक्ता हातात पडला. विद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय अशा पातळ्यांवरची पदके आणि वर्षभरात घेतलेल्या स्पर्धा. तीस वर्षे राबलेला माणूस दीड पानात संपला होता. आंतरराष्ट्रीय रकान्यात शून्य.

ते शून्य खोटे नाही. सरांच्या हाताखालून कुणी भारताकडून खेळले नाही. पण मी तो कागद घेऊन जिमखान्यात गेले, तेव्हा सरांनी कपाटातून फायली काढल्या. दर वर्षाची एक. प्रत्येक फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती: ‘सर्व प्रवेशिका वेळेत पोचल्या.’ कुठे त्याखाली तारीख, कुठे पोचपावती टाचलेली. मला हसू आले. स्पर्धेला नावे कळवायचे अर्ज वेळेत गेले, एवढ्यासाठी लाल शाई?

मग गेल्या वर्षीची बातमी आठवली आणि हसू गेले. २०२५च्या जुलैत जर्मनीत जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. भारताचे १२ बॅडमिंटनपटू तिकडे पोचले, पण नावे कळवताना अधिकाऱ्यांनी घोळ घातला आणि मिश्र सांघिक स्पर्धेत सहाच जणांना खेळता आले. त्या सहा जणांनी कांस्यपदक आणले. उरलेले सहा जण हजारो किलोमीटर जाऊन प्रेक्षक झाले. त्यांच्या तयारीत कसर नव्हती. कागद राहिला होता. त्या आधी २०२३मध्ये चेंगडूच्या स्पर्धेत भारताने ११ सुवर्णांसह २६ पदके मिळवली, तेव्हा सगळ्यांनी खेळाडूंचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. कागद नीट गेले की कागदाबद्दल कुणी बोलत नाही.

सरांचे काम या कागदाच्या बाजूचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. प्रत्येक पायरीवर पात्रता अर्ज, वयाचा दाखला, दहावी-बारावीच्या प्रती, फोटोवर प्राचार्यांची सही-शिक्का. आमच्यावेळी एक कबड्डीपटू होती. दुसऱ्या वर्षाला असताना तिचे लग्न झाले. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, ओळखपत्रावर सासरचे. छाननीत अर्ज बाद होणार हे सरांनी आधीच ओळखले. प्रतिज्ञापत्रासाठी ते तिच्या सासऱ्यांना घेऊन तालुक्याला तीन खेपा गेले. सासऱ्यांनाच का न्यायचे, असे मी तेव्हा विचारले होते. ‘कागद तिचा होईल, परवानगी त्यांची होईल. एकाच एसटीत दोन कामं,’ असे म्हणाले. ती मुलगी तिसऱ्या वर्षापर्यंत खेळली. तिचा संघ विभागातच हरला. तक्त्यात तिची नोंद कुठे करायची, महोदय? मी बराच वेळ रकाना शोधला.

मी स्वतः ८०० मीटर धावायची. आठ लेनच्या ट्रॅकवर पहिल्या वळणापर्यंत आपापल्या लेनमध्ये धावायचे आणि मग आत शिरायचे, हे मला फक्कीने आखलेल्या ओबडधोबड मैदानावर सरांनी शिकवले. मी कधीच जिंकले नाही. एकदा विद्यापीठाच्या अंतिम फेरीत सहावी आले, बस. पण बाहेरगावच्या दौऱ्याचा हिशोब सर मला लिहायला लावत. टीए-डीए किती, जेवणाच्या पावत्या, गोळीफेकीच्या मुलाला जास्त लागलेले दूध कुठल्या खात्यात घालायचे. (ते दूध कुठल्याच खात्यात बसत नसे. सरांच्या खिशात बसे.) आज बँकेत ताळेबंद जुळला नाही की मला त्या पावत्यांचा गठ्ठा आठवतो.

सर देवमाणूस वगैरे नाहीत. फटकन बोलतात. बुद्धिबळाला ते आजही मनातून खेळ मानत नाहीत आणि त्या संघाची प्रवेशिका नाइलाजाने भरतात. जलतरणाकडे त्यांनी कधी लक्ष दिले नाही, कारण स्वतःला पोहता येत नाही. हे आढाव्यात लिहिणार नाही, इथे लिहिते. पण १९८५पासून देशात प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळतो आणि तो मिळायला माणूस एखाद्या खेळाचा असावा लागतो. सर कुठल्याच एका खेळाचे नव्हते. सकाळी खो-खोचे खांब, दुपारी सामानाच्या नोंदीचे डेड स्टॉक रजिस्टर, संध्याकाळी वजनी गटाची कुस्ती.

कुस्तीवरून खाशाबा जाधवांची गोष्ट आठवली. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपण सगळे ती गोष्ट अभिमानाने सांगतो. तिचा आधीचा भाग कमी सांगितला जातो. याच कॉलेजात, अंगकाठी लहान म्हणून, क्रीडाशिक्षकाने त्यांना वार्षिक स्पर्धेत घ्यायलाच नकार दिला होता, असे सांगतात. प्राचार्यांकडे दाद मागितल्यावर त्यांना उतरू दिले. त्या खुर्चीवरच्या माणसाचे एक ‘नाही’ एवढे मोठे असते. मग त्याच्या रोजच्या ‘हो’चीही कुठे नोंद हवी.

आता खुर्चीबद्दल. या पदावर येणाऱ्याची विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमाने शारीरिक चाचणी होते. तिशीच्या आतल्या पुरुषाने १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर काटायचे, बाईने आठ मिनिटांत १,०००. मराठीच्या किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला कुणी पळायला लावत नाही. एवढे पारखून घेतलेला माणूस निवृत्त झाला की पद वर्षानुवर्षे रिकामे राहते आणि जिमखान्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’ त्याच रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडे जातो. बिचारे प्राध्यापक प्रॅक्टिकल संपवून येतात, तोवर मैदानावर अंधार पडलेला असतो. २०१८च्या नोव्हेंबरात शासनाने अनुदानित महाविद्यालयांतली पदे भरायला परवानगी दिली, तेव्हा ३,५८० सहायक प्राध्यापकांबरोबर शारीरिक शिक्षण संचालकांच्या १३९ जागा होत्या. साऱ्या राज्यासाठी.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर काम वाढले आहे. सहअभ्यासक्रमात खेळ आणि योग यांना श्रेयांक (क्रेडिट) आले. म्हणजे आधी जो मुलगा मैदानाकडे फिरकत नव्हता, त्यालाही आता शिकवायचे, त्याची हजेरी घ्यायची, गुण द्यायचे. सरांनी गेल्या वर्षी पहिल्यांदा परीक्षेचे पेपर तपासल्यासारखा चेहरा करून सूर्यनमस्कार तपासले. श्रेयांक हवेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण शिकवणारा नसेल, तर ते गुण कोण आणि कशावरून देणार?

नॅक आपल्या हातात नाही, हे मला कळते. यूजीसीचे नियमही नाहीत. परंतु २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे. महाविद्यालयांकडून मागवायच्या वार्षिक अहवालात या मंडळाने दोन-चार प्रश्न घालावेत, एवढे आपण सुचवू शकता. यंदा पहिल्यांदा मैदानावर आलेले किती? पहिल्या वर्षी खेळणाऱ्या मुलींपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकल्या? किती प्रवेशिका छाननीत बाद झाल्या आणि का? पदकांचा रकाना राहू द्या, तो काढा असे मी म्हणत नाही. पदक कुणाला नको असते? पण या प्रश्नांना उत्तर द्यायला कॉलेजात माणूस लागतो आणि तो नसेल तर अहवालात ते लगेच दिसेल. आज दिसत नाही. पदके नसलेले कॉलेज आणि संचालकच नसलेले कॉलेज, दोघांचा तक्ता सारखाच.

दुसरी विनंती साधी आहे. हे पद ज्या दिवशी रिकामे होते, तो दिवस निवृत्तीच्या तारखेमुळे कित्येक वर्षे आधी माहीत असतो. सरांची तारीख तर त्यांच्या सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर आहे. भरतीची परवानगी त्या तारखेच्या आधी का मिळू नये?

मी आढावा लिहून दिला. तक्त्यातले आकडे घातले, कारण गौरव समितीला ते हवे होते. त्याखाली फायलींतल्या तीस लाल ओळी तारखांसह जशाच्या तशा उतरवल्या. समितीतल्या एकांनी विचारले, ‘हे कशाला?’ मी म्हटले, छापा.

सर महिनाअखेरीस सामानाची मोजणी करून देणार आहेत. भाले, थाळ्या, स्पाइक्सच्या जोड्या, जाळ्या, मॅट, सगळ्याची यादी तयार आहे. जिमखान्याची चावी कुणाच्या नावे लिहायची, ती ओळ त्यांनी कोरी ठेवली आहे. प्राचार्यांनाही ठाऊक नाही. आपल्या कार्यालयातून कळले तर यादी पूर्ण होईल.

आपली,
एक माजी धावपटू (८०० मीटर, सहावी)

प्रत: मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण, माहितीसाठी