सुन्या, बॅग भरायच्या आधी हे वाच

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू म्हणालास "कॅमेऱ्याचं काय, नेईन खांद्याला अडकवून" आणि फोन ठेवल्यावर मला काय झोप लागली नाही लेका. व्हॉट्सॅपवर तुकड्या-तुकड्यानं सांगितलं असतं तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास, म्हणून हे लांबलचक लिहितोय, शाळा सुटली की चहा घेऊन बस आणि सलग वाच. केनियातलं मसाई मारा अभयारण्य, तेही कॅमेरा घेऊन, काय दरवर्षी होत नाही. सहा वर्षं भिशी लावलीस, आणि वहिनींनी स्वतःहून जा म्हटलं ही तर त्याहून मोठी गोष्ट.

आधी वजन. ती भाड्याची २००-५०० ची मोठी लेन्स एकटीच २.३ किलो आहे, तुझा डी५०० कॅमेरा बॅटरीसकट ८६० ग्रॅम, त्यात जुनी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), वाइड लेन्स, चार्जर, लॅपटॉप, आणि रिकामी कॅमेरा बॅगच दोन किलोच्या वर जाते ती कुणी धरतच नाही. इकॉनॉमीला केबिनचे साधारण ७ किलो मिळतात, तुझ्या तिकिटावर नेमकं किती लिहिलंय ते आजच बघ. घरच्या काट्यावर आधी तू एकटा उभा राहा, मग बॅग घेऊन उभा राहा, वजाबाकी तुला मी शिकवायला नको. जास्त झालं तर चार्जर, वायरी, कपडे हे सगळं खालच्या, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत टाक, काच म्हणजे लेन्स मात्र अजिबात नाही. मी ते खिशांचं जाकीट घालतो, भर उन्हाळ्यात सुद्धा, एका खिशात ५० एमएमची लेन्स आणि दुसऱ्यात बॅटऱ्या. बायको म्हणते रोजगार हमीवरचे मुकादम दिसता. दिसू दे.

काच खाली नाही असं एवढं ठासून का सांगतोय ते ऐक. कान्हाहून परत येताना छोटं एटीआर विमान होतं, त्यात वरचे कप्पे एवढेसे असतात की आपली ट्रॉली जातच नाही. अगदी विमानाच्या शिडीपाशी तो मुलगा म्हणाला सर ही बॅग खाली जाईल, मागं पन्नास माणसं, ऊन मी म्हणत होतं. मी घाईघाईत मोठी लेन्स आणि बॅटऱ्या बाहेर काढल्या, स्वेटरात गुंडाळून तान्ह्या पोरासारख्या मांडीवर घेऊन बसलो. आणि २४-७० ची लेन्स राहिली ना आतच! पुण्यात बेल्टवरून बॅग उचलली तेव्हाच आतून खुळखुळल्यासारखा आवाज आला. पुढची कडा चेपली होती, फिल्टर असा अडकून बसलेला की दुरुस्तीवाल्यानं करवतीनं कापून काढला, आणि झूम ३५ च्या पुढं सरकेना. भांडलो, फॉर्म भरला, काही मिळालं नाही. तेव्हापासून माझ्या बॅगेत आत अजून एक कापडी पिशवी असते, लेन्स आणि बॅटऱ्या त्यातच, म्हणजे बॅग खाली मागितली की पिशवी उचलायची आणि बाकीचं खुशाल जाऊ दे. तू पण शिवून घे, वहिनींकडं मशीन आहेच.

आता बॅटऱ्या. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक खालच्या सामानात चालतच नाहीत, वर आपल्याबरोबरच न्यायच्या. लोकांना वाटतं उगाच काहीतरी नियम, पण लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली की स्वतःच तापत जाते आणि शेजारचीलाही पेटवते, वर केबिनमधे निदान कुणाला तरी वास येतो, धूर दिसतो, पाणी मारता येतं, खाली कोण बघणार? २०१० च्या सप्टेंबरमधे दुबईत असल्याच बॅटऱ्यांचा माल भरलेलं ७४७ मालवाहू विमान आग लागून पडलं आणि दोन्ही वैमानिक गेले. हिशोब तुझ्याच विषयातला आहे, व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. १०० च्या आत असेल तर कुणाला विचारायची गरज नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते आणि त्याही दोनच, त्यावर बंद. आपली डी५०० ची बॅटरी जेमतेम १४ ची, २०००० एमएएचचा पॉवरबँक ३.७ नं गुणलास तर ७४ चा. म्हणजे तुला भीती नाही, फक्त प्रत्येक बॅटरीच्या तोंडाला तिची टोपी लाव, हरवली असेल (तुझ्या हरवल्याच असणार) तर चिकटपट्टी. नाण्यांबरोबर, किल्ल्यांबरोबर टाकू नको. पॉवरबँकवरचा आकडा पुसला असेल तर नवा घे, आकडा दिसला नाही तर ते ठेवून घेतात आणि त्यांचं चूक नसतं. आणि विमानात त्यावर मोबाइल लावून बसू नको, आता बऱ्याच एअरलाइन चालू देत नाहीत.

खरी गोष्ट मात्र पुढं आहे सुन्या. आपण बॅग आपल्या सोयीनं भरतो, पण ती उघडली जाणार की नाही हे तपासणीच्या एक्सरे मशीनच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला काय दिसतं त्यावर ठरतं. त्याला रंग दिसतात. कापड, खाणं, कागद, साबण असलं सगळं नारिंगी, धातू निळा, मधलं काहीतरी असेल ते हिरवं, आणि जिथून किरण आरपारच जात नाहीत तिथं काळा डाग. आता आपली मोठी लेन्स म्हणजे काय, आत काचांवर काचा आणि भोवती धातू, त्याखाली चार्जर, त्याखाली हार्ड डिस्क, वर बॅटऱ्यांचा गठ्ठा. त्या बिचाऱ्याला दिसतो एक काळा गोळा आणि त्यातून निघालेल्या वायरी. तू त्याच्या जागी असतास तर तू पण बाजूला काढली असतीस. म्हणून एकावर एक रचू नको, लेन्सा आडव्या, एका थरात. वायरी वेगळ्या पाऊचमधे. मी तर लाइनीत असतानाच चेन उघडतो, एका ट्रेमधे लॅपटॉप, दुसऱ्यात दोन्ही बॉड्या आणि मोठी लेन्स उघड्यावर, तिसऱ्यात बॅग. तीन ट्रे बघून मागचा माणूस सुस्कारे टाकतो, टाकू दे, बॅग परत फिरवायला लागली तर त्याचीच दहा मिनिटं जाणारेत. आणि ट्रे आत गेल्याशिवाय आपण पुढं जायचं नाही, तिकडून ट्रे बाहेर आलाय आणि आपण अजून तपासणीत हात वर करून उभे, असं नको.

उघडायला सांगितली तर हसून हो म्हण, फक्त एवढं म्हण की "सर मैं निकालूँ?" नव्वद टक्के वेळा ते तुलाच काढू देतात. कॅमेरा चालू करून दाखव म्हणू शकतात, त्यामुळं बॉडीत चार्ज असलेली बॅटरी पाहिजे. मागच्या वेळी एका जवानानं मोठी लेन्स लावायला लावली, डोळा लावला आणि हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेला त्याचाच साहेब जांभई देताना बघितला, असा खूश झाला की दोघा जणांना बोलवून दाखवलं. मग तो प्रश्न आलाच, "कितने का है?" हा प्रश्न येतोच येतो, पाठ करून ठेव. मी कायम म्हणतो "किराए का है सर." तुझी तर खरंच भाड्याची आहे, तुला खोटं बोलायचं पापही नाही. मागं चाळीस जण कान टवकारून असतात, आकडा सांगायची ती जागा नव्हे.

ट्रायपॉड घरी ठेव. जीपमधे उघडायला जागा नसते. न्यायचाच असला तर खालच्या सामानात, त्याची ॲलन की आणि तुझा तो पक्कड-चाकू-स्क्रू ड्रायव्हर एकत्र असलेला लाडका दांडू पण खालीच, वर सापडला तर परत दिसायचा नाही. लेन्स पुसायचं लिक्विड १०० मिलीच्या बाटलीत.

जीपच्या छतावर लेन्स टेकवायला बीनबॅग, म्हणजे धान्य भरलेली उशी पाहिजे, आणि इथं माझी फजिती सांगतो, वहिनींना वाचून दाखवू नको. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी शहाणपणा करून घरूनच तीन किलो तांदूळ भरून, तोंड दोऱ्यानं पक्कं शिवून, ती हातातल्या बॅगेत घेतली. पडद्यावर काय दिसलं असेल विचार कर, विटेएवढा घट्ट नारिंगी ठोकळा आणि शेजारी वायरी. तिघं जमले. "ये क्या है?" "चावल है सर." "चावल क्यों ले जा रहे हो?" आता ह्याला मी काय सांगू की सिंहाचा फोटो काढायला? तेच सांगितलं. शेवटी शिवण उसवली, सगळे तांदूळ ट्रेमधे ओतले, एकानं चार दाणे चोळून बघितले आणि म्हणाला कोलम लगता है. परत भरताना निम्मे जमिनीवर. तर बीनबॅग रिकामी, चेनवाली न्यायची आणि नैरोबीतच दुकानातून तांदूळ नाहीतर राजमा घेऊन भरायची, येताना ड्रायव्हरला देऊन टाकायचा.

नानांचा याशिका, तो जुना रोलचा कॅमेरा, नेणार म्हणालास, ने, मला बरं वाटलं. पण रोल खालच्या सामानात गेले तर संपलेच म्हण, तिथल्या मशीनचा मारा जोरदार असतो. हातातल्या सामानाला जुनं एक्सरे मशीन असलं तर ४०० आयएसओच्या रोलला एक-दोन फेऱ्यांनी काही होत नाही, पण आता बॅगचं चित्र गरागरा फिरवून दाखवणारी सीटी स्कॅनर आलीयत, त्यातून एकदा सुद्धा नको. रोल डब्यांतून काढून एका पारदर्शक डबीत ठेव आणि हात जोडून "हँड चेक" माग. तपासणारा पोरगा लहान असला तर त्यानं रोल बघितलेलाच नसतो, सिनियरला बोलवा म्हण. आणि कॅमेऱ्यात रोल भरून जाऊ नको, कुणी सहज मागचं झाकण उघडून बघितलं की गेला. मेमरी कार्डांना यातलं काहीच होत नाही, ती भीती सोड.

कस्टमचं विसरू नको. मुंबईहून निघतानाच कस्टमच्या काउंटरवर बॉडी-लेन्स दाखवून, सिरियल नंबर टाकून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घे, म्हणजे येताना "हे तिकडून घेतलं का" असा प्रश्न आला तर ड्युटीची भानगड नाही. ती लेन्स दिसायला कोरी आहे आणि बिल तुझ्या नावावर नाही, म्हणून भाड्यानं देणाऱ्याकडून सिरियल नंबरसकट पत्र घे. हे करायला वेळ लागतो, चार तास आधी पोच, सांगलीची ती पहाटे पोचणारी बस नको, आदल्या दिवशी ठाण्याला मामाकडं ये.

तुझ्या भाच्याचा ड्रोन नेऊ नको म्हणजे नको. केनियात परवानगी नसेल तर विमानतळावरच ठेवून घेतात. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा पण तिथं २०१७ च्या ऑगस्टपासून बंद आहेत, दंड जबर आहे, तेव्हा धुळीसाठी उशीचे अभ्रे घे, ते उत्तम चालतात. तुम्ही माराला रोडनं जाणार म्हणून वाचलात, नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं जाणाऱ्यांना हातातलं धरून सगळं मिळून १५ किलो, ते पण मऊ बॅगेत. परत येताना नैरोबीला टर्मिनलच्या अलीकडंच गाडीतून उतरवून चालत तपासणीतून नेतात, मग दारात परत मशीन, मग पुढं परत एकदा, त्यामुळं ते तीन ट्रेचं नाटक तिकडं दोनदा-तीनदा करायची तयारी ठेव. मेमरी कार्डं तेव्हा बॅगेत नाही, खिशात.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी झाली पाहिजे, कॅमेऱ्याचा संबंध नाही पण लसीचं ते कार्ड नसलं तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमधे बसवतात. घेतलीस का? घेतली नसशील. उद्या घे.

माझी बीनबॅग मंगळवारच्या गाडीनं पाठवतोय, ड्रायव्हरचा नंबर रात्री टाकतो. रिकामीच आहे. शिवणीत एखादा तांदूळ अडकलेला सापडला तर तो कोलम आहे.

तुझा,
बंड्या