बाबा, रविवारच्या हॉकीच्या ट्रायलला जाच

प्रिय आई-बाबा,

फोनवर धड बोलणं होत नाही, तुमच्याकडे सकाळची गडबड असते, आई मधेच कुकरकडे पळते आणि बाबांना स्पीकरवर माझा आवाज नीट येत नाही, म्हणून आज बसून टाइपच करतेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला.

परवाच्या रविवारी सकाळी साडेसातला मी फोन करून नुसतंच "जिंकलो जिंकलो" ओरडत होते तेव्हा आई घाबरली होती, सॉरी आई. झालं असं की इथल्या आमच्या कॅलमाझूच्या कॉलेजची, म्हणजे वेस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीची आइस हॉकीची टीम नॅशनल चॅम्पियन झाली. १२ एप्रिल २०२५ ला सेंट लुईसला फायनल होती, बॉस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ नं हरवलं. आणि बाबा, ही काही नेहमी जिंकणारी टीम नाही हां. या मोठ्या स्पर्धेतली यांची पहिली मॅचच २०२२ मध्ये जिंकली होती, शेवटच्या चारात तर यंदा पहिल्यांदाच पोचले आणि गेले ते कप घेऊनच आले. अख्ख्या सीझनमध्ये ३४ जिंकल्या, ७ हरल्या, एक ड्रॉ. फायनलच्या दोन दिवस आधी सेमीफायनलला समोर डेन्व्हर, आधीच्या वर्षीचे चॅम्पियन, तोपर्यंत दहा वेळा जिंकलेले, त्यांच्याएवढी टायटल्स दुसऱ्या कुणाकडे नाहीत. आमचे २-० पुढे होते आणि शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी २-२ केलं, मी सोफ्यावरून उठून किचनमध्ये जाऊन उभी राहिले, बघवेना. एक ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ, गेला, दुसरा सुरू झाला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत आमच्या ओवेन मायकल्सनं गोल मारून मॅच जिंकून दिली. फायनललाही त्यानं दोन मारले.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की बर्फावर हॉकी म्हणजे नक्की काय. बॉल नसतो, रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात, हातात घेतलीत तर जड लागेल, १७० ग्रॅमच्या आसपास. ग्राउंड आपल्या हॉकीपेक्षा पुष्कळ लहान, जेमतेम ६१ मीटर लांब, आणि कडेनं भिंत, त्यामुळे पक बाहेर जायचा प्रश्नच नाही, भिंतीवर आपटून परत खेळात. गोलकीपर धरून सहा-सहा जण. ४०-४५ सेकंद जीव तोडून पळायचं की बाहेर, दुसरे आत, आणि हे सगळं खेळ चालू असतानाच. पहिली दोन वर्षं मला पक दिसायचाच नाही, लोक ओरडले की मी ओरडायचे.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

जानेवारीत एका शुक्रवारी आम्ही लॉसनला गेलो होतो, लॉसन म्हणजे इथलं स्टेडियम, लहानसंच आहे, साडेतीन हजारांच्या वर थोडी माणसं मावतात पण आवाज असा की कान बधिर होतात. आमच्या टीमनं गोल मारला, लाल दिवा लागला, सगळे उभे, आणि रेफ्रीनं दोन्ही हात आडवे केले, गोल नाही. का तर आमचा एक जण गोलकीपरच्या अंगावर गेला आणि त्याला पक अडवता आला नाही असं त्याचं म्हणणं. मग हेडफोन लावून व्हिडिओ बघितला, चार-पाच मिनिटं बघत होता, परत तेच, गोल नाही. सगळं स्टेडियम त्याच्यावर तुटून पडलं, काय काय शिव्या, आणि बाबा मीही ओरडले, घसा बसेपर्यंत, शेजारच्या बाईंचा हात धरून. तो मात्र काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टात, दंडावर केशरी पट्टी, बर्फाच्या मधल्या भागाकडे स्केट करत गेला आणि पक टाकायची वाट बघत उभा राहिला. कुणाकडे बघितलं नाही, मान खाली घातली नाही. आणि मला एकदम तुम्ही दिसलात.

मी नववीत होते. खडकीची ती इंटरकॉलेज हॉकी मॅच, तुम्ही अंपायर. शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि तुम्ही दिला नाहीत, बॉल डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेरून मारलाय, आत कुणाची स्टिक लागलीच नाही म्हणून. पोरं धावून आली तुमच्या अंगावर, शर्टाचा खिसा फाटला, मागून कुणीतरी दगड मारला. घरी आल्यावर तुम्ही हात धुतले, जेवायला बसलात आणि ताटातलं लिंबू फरशीवर ठेवून आम्हाला दाखवत होतात, हा बॉल, ही लाइन, मी इथे उभा होतो. दादा म्हणाला, पण बाबा लागली असेल ना स्टिक. आणि मी म्हणाले की शंभर-दीडशे रुपयांसाठी तुम्ही कशाला जाता शिट्टी घेऊन, शाळेत सगळे हसतील मला. तुम्ही लिंबू उचललंत आणि पिळून वरणावर घेतलंत, एक शब्द बोलला नाहीत. त्यानंतरही दोनेक वर्षं तुम्ही गेलात शिट्टी घेऊन, पण मी कधी विचारलं नाही मॅच कशी झाली.

बाबा, मी चुकले. हे मला इतकी वर्षं सांगायचं होतं, फोनवर जमलं नसतं.

माझ्या लॅबमध्ये एक जण आहे, तो मिशिगन युनिव्हर्सिटीत शिकलेला, ती आमच्या वेस्टर्न मिशिगनहून वेगळी, त्याला २०१० ची गोष्ट काढली की अजून राग येतो. २८ मार्च, फोर्ट वेनला मॅच, समोर ओहायोतली मायामी युनिव्हर्सिटी, जिंकणारा थेट शेवटच्या चारात. २-२ वर ओव्हरटाइम, मिशिगननं पक गोलमध्ये घातला आणि गोल धरला नाही, कारण रेफ्रीला पक दिसेनासा झाला आणि त्यानं त्याआधीच खेळ थांबवायचं ठरवलं होतं. व्हिडिओ बघूनही निर्णय तोच राहिला आणि दुसऱ्या ओव्हरटाइमला मायामी जिंकली. पंधरा वर्षं झाली. तो म्हणतो शिट्टी ऐकू यायच्या आधी पक आत होता. मी त्याला म्हटलं, अरे ठरवल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत वेळ जातोच ना, माणूस आहे तो. हे मी कुठे शिकले तर तुमच्याकडे, तुम्हीच सांगायचात की खेळ थांबतो तो अंपायरच्या डोक्यात, शिट्टी मागून येते. त्याला काही ते पटलं नाही, आणि त्याचंही बरोबर असेल, एक सीझन गेला म्हणजे त्या पोरांची वर्षभराची मेहनत गेली. पण दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात असं मला आता वाटतं.

आई, तू विचारलं होतंस शेजारच्या बाईंच्या मुलाचं. तो आता सतरा वर्षांचा आहे, ज्युनियर लीगमध्ये खेळतो, दुसऱ्या राज्यात, एका अनोळखी कुटुंबाकडे राहतो. इथे अशी पद्धतच आहे, खेळाडू पोरांना घरात ठेवून घेतात, त्याला बिलेट फॅमिली म्हणतात, तिथूनच शाळा आणि प्रॅक्टिस. तू फोनवर म्हणालीस की त्याला जेवायला कोण वाढतं, तर त्याच घरातली बाई वाढते, आणि याची आई रोज रात्री त्याला व्हिडिओ कॉल करून ताट दाखवायला लावते. कॉलेजचे कोच दहावीच्या वर्षात १ जानेवारीनंतरच मुलांशी बोलू शकतात आणि अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून ऑफर देऊ शकतात. हा नियम २०१९ चा, त्याच्या आधी तेरा-चौदा वर्षांची पोरंसुद्धा तोंडी शब्द देऊन बसायची. आणि शब्द मिळाला तरी लगेच कॉलेज नाही, बरेच जण ज्युनियरमध्ये खेळून एकोणीस-वीसचे झाल्यावर पहिल्या वर्षाला येतात.

आता त्यात नवीन काळजी. कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीग आहेत तिथली पोरं इथल्या कॉलेजांत खेळू शकत नव्हती, कारण तिथे थोडा भत्ता मिळतो, काही जणांचे तर प्रोफेशनल टीमशी करारही झालेले असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलला, १ ऑगस्ट २०२५ पासून तीही पोरं येऊ शकतात. म्हणजे टीममध्ये जागा तेवढ्याच आणि रांग लांब. शेजारच्या बाई म्हणतात कॅनडाच्या पोरांचं काय चुकलं, त्यांनाही शिकू दे की, पण म्हणताना डोळ्यात पाणी येतं त्यांच्या. सहा वर्षं पहाटे पाचला उठून गाडी चालवलीय त्या बाईंनी, बर्फात.

दादाची क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली होती आणि तू अकरा वर्षांच्या पोराला हॉस्टेलला पाठवणार नाही म्हणालीस, तेव्हा घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला तेव्हा वाटायचं आईनं चूक केली. आता या बाईंकडे बघितलं की मला नक्की काही सांगता येत नाही, आई. त्यांचा मुलगा जिंकून घरी येतो तेव्हा वाटतं पाठवायला हवं होतं, आणि तो गेल्यावर त्या त्याच्या खोलीत जाऊन बसतात तेव्हा तू आठवतेस.

बाबा, दादा म्हणाला की ग्राउंडवरच्या लोकांनी तुम्हाला रविवारी बारा वर्षांखालच्या मुलांची निवड करायला बोलावलंय आणि तुम्ही नाही म्हणताय, एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, बॉल दिसत नाही म्हणून. शेजारच्या बाईंना एका कोचनं सांगितलं होतं की आम्ही गोल मोजायला येत नाही, हातातला पक गेल्यावर पोरगं काय करतं ते बघायला येतो. तुम्ही हेच म्हणायचात की! बॉल गेल्यावर पाय थांबले तर तो पोरगा नको, उलटा फिरून पळाला तर घ्या. धनराज पिल्ले याच खडकीत तुटक्या स्टिक घेऊन खेळत मोठा झाला, त्याचे पाय बघणारं कुणीतरी होतंच ना तेव्हा. पाय तुम्हाला अजून दिसतात, जिन्यात माझ्या मुलाच्या बुटाची लेस सुटलेली तुम्हालाच दिसली होती डिसेंबरमध्ये.

दादा सातला गाडी घेऊन येईल, मी सांगून ठेवलंय. आई, टोपी आणि पाण्याची बाटली दे त्यांच्याबरोबर आणि ऊन वाढायच्या आत परत आणायला सांग. निवड झाली की मला फोन करा बाबा, कितीही वाजलेले असू देत इथे, कोणता पोरगा का घेतला ते सगळं मला ऐकायचंय.

तुमची,
ताई