ऑक्सफर्डमधील नागा पूर्वजांची दखल घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये मुलीकडे गेले असताना ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पिट रिव्हर्स संग्रहालय पाहण्याचा योग आला. तेथे जे पाहिले, त्यावरून आपल्याला एक विनंती करावीशी वाटली.

जनरल पिट रिव्हर्स यांनी आपला वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह विद्यापीठाला दिला आणि त्यातून १८८४ मध्ये हे संग्रहालय उभे राहिले. मानववंशशास्त्र शिकवण्यासाठी विद्यापीठाने व्याख्याता नेमावा, अशी त्यांची अट होती. त्यानुसार एडवर्ड टायलर यांची नेमणूक झाली. प्रवेश विनामूल्य आहे. निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या काचेच्या छताखालून, डायनासोरचे सांगाडे ओलांडून पुढे गेले की मंद उजेडाचे, कपाटांनी खच्चून भरलेले दालन लागते. येथील मांडणी देशवार नसून प्रकारवार आहे. दिवे एकीकडे, कुलपे दुसरीकडे, वाद्ये आणखी कुठे तरी, आणि जगाच्या चार कोपऱ्यांतल्या वस्तू एकमेकींना खेटून. कित्येक वस्तूंना बारीक हस्ताक्षरातील जुन्या चिठ्ठ्या दोऱ्याने बांधलेल्या आहेत. वस्तू कोठली आणि कोणी आणली, एवढे बहुतेक वेळा त्यावरून कळते. ती ज्याची होती त्याचे नाव मात्र मला क्वचितच आढळले.

शत्रूच्या मृतदेहाचे लोक काय करीत, या विषयाला वाहिलेले एक कपाट येथे आहे. त्यातील दक्षिण अमेरिकेतील आक्रसवलेली मुंडकी पाहायला पूर्वी झुंबड उडत असे. २०२० मध्ये संग्रहालयाने ती आणि प्रदर्शनातील इतर मानवी अवशेष काढून घेतले, आणि ते का काढले हे सांगणारा मजकूर तेथे लावला. मी तो मजकूर दोनदा वाचला. माणसांच्या कवट्या वस्तू म्हणून मांडल्याने त्या समाजांविषयी पाहणाऱ्यांच्या मनातील रानटीपणाच्या कल्पना अधिकच घट्ट होतात, ही त्यामागची भूमिका मला पूर्णपणे पटली.

पण कपाटातून काढले म्हणजे घरी पोचवले असे नव्हे. ईशान्य भारतातील नागा समाजाच्या वस्तूंचा जगातील सर्वांत मोठा संग्रह याच संग्रहालयात आहे. त्यात सुमारे साडेसहा हजार वस्तू आहेत. त्यातील मोठा भाग नागा टेकड्यांत इंग्रज अधिकारी म्हणून काम केलेल्या जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स यांनी पाठवला. शाली, दागिने, भाले यांच्याबरोबर माणसांच्या कवट्याही गेल्या. राज्यकर्त्याच्या हाती सत्ता आणि समोर पराभूत गाव असताना ‘संग्रह’ कसा झाला असेल, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हे पूर्वज परत मिळावेत म्हणून ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’ ही संस्था २०२० पासून संग्रहालयाशी बोलणी करीत आहे आणि गावोगावी जाऊन लोकांचे मत घेत आहे. प्रश्न सोपा नाही. बहुसंख्य नागा आज ख्रिस्ती आहेत, तेव्हा अंत्यसंस्कार कोणत्या रीतीने करायचा? शत्रूचे शिर म्हणून एका गावाने ठेवलेली कवटी मुळात दुसऱ्याच गावच्या माणसाची असेल, तर ती कोणाच्या स्वाधीन करायची? याची उत्तरे नागा समाजच देईल, आणि त्यासाठी लागेल तेवढा वेळ त्याने घ्यावा. मात्र त्याच्या पाठीशी उरलेला देश उभा आहे, असे त्याला दिसले पाहिजे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डशायरमधील एका लिलावगृहाने शिंगे बसवलेली नागा कवटी विक्रीला काढली होती. नागालँडचे मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले, निषेध झाला आणि ती लिलावातून मागे घेतली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली होती, आणि पुढच्या वर्षी रघुजी भोसले यांची तलवार राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. या दोन्ही घटनांचा मला मनापासून आनंद झाला. आपल्या वृत्तपत्रांनी त्यांना पहिल्या पानावर जागा दिली, हेही योग्यच झाले. परंतु त्या कवटीच्या लिलावाविषयी मराठीत मला जेमतेम काही ओळी वाचायला मिळाल्या. शस्त्र परत यावे म्हणून आपण एवढे आसुसतो, तर माणूस परत यावा याची आच त्याहून अधिक हवी.

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध नाही, असेही नाही. इरावती कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. केली, ती मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेवर. कवटीच्या ठेवणीवरून वंशांची श्रेष्ठता ठरवू पाहणाऱ्या त्या काळात, वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध मांडला. ज्या शास्त्रासाठी या कवट्या गोळा झाल्या, त्याला आतून प्रश्न विचारणारी बाई आपल्या पुण्यात राहत आणि शिकवत होती.

म्हणून विनंती अशी की, नागा पूर्वजांच्या या प्रश्नावर आपल्या रविवार पुरवणीत सविस्तर लेख यावा आणि तो शक्यतो नागा अभ्यासकाकडूनच लिहवून घेऊन मराठीत आणावा. तसेच आपल्या विद्यापीठांच्या मानववंशशास्त्र विभागांकडे अभ्यासासाठी ठेवलेले मानवी अवशेष कोठून आले, याच्या नोंदी त्यांनी जाहीर कराव्यात, याचाही पाठपुरावा आपल्या वार्ताहरांनी करावा.

आपली,
एक वाचक, पुणे