माळ्यावरचं सामान आणि तुझा लाकडी बैल

महाल, नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवाच्या पावसात माळ्यावरचं छत गळलं, म्हणून बाबांनी सगळा माळा खाली उतरवला. मधली खोली, ओसरी, जिन्याच्या पायऱ्या, जिकडेतिकडे सामान आहे. कबाडीवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला परत पाठवलं, कारण आधी तुला विचारायचं होतं.

एवढं विचारून का करते, ते सांगते. आजी गेली त्या वर्षी मी स्वयंपाकघर आवरायला काढलं होतं. एक पितळी डबा होता, एका अंगाला चेपलेला, झाकण न बसणारा. तो मोडीत घातला आणि स्टीलचे डबे आणले. दिवाळीत आत्या आली. फळीकडे बघत म्हणाली, "वहिनी, आईचा लाडवांचा डबा कुठे ठेवला?" ती शाळेतून आली की आजी त्याच डब्यातून लाडू काढून द्यायची. डबा चेपला होता तोही तिच्याच हातून पडून. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती मला एका शब्दानं बोलली नाही, पण ती गेल्यावर मी खूप रडले. माझ्या फळीवर होता म्हणून मी तो माझा समजले होते.

या वेळी आत्याच्या ज्या वस्तू निघाल्या, त्यांचे फोटो आधी तिला पाठवले. तिने एक भरतकामाची उशी मागितली, बाकीचं देऊन टाक म्हणाली. दोन मिनिटांत निकाल लागला. इतकी वर्षं आपण तिच्यासाठी म्हणून ते सांभाळत होतो आणि तिला कोणी विचारलंच नव्हतं.

पितळेच्या भांड्यांचं मात्र चार दिवस ठरेना. सहा गंज, म्हणजे स्वयंपाकाची पातेली, आणि पाणी भरायचे दोन गुंड आहेत. गंजांची कल्हई केव्हाच उडाली, आतून पितळ उघडं पडलंय. त्यात कढी किंवा आंबट वरण केलं की कळकतं, ते पोटात जाऊ नये. तुला आठवतं का, कल्हईवाला आपल्या गल्लीतच भट्टी लावायचा? भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा. मग कथील टेकवून कापसाचा बोळा असा झरझर फिरवायचा की काळवंडलेला गंज आतून चांदीसारखा दिसायचा. तू नाक दाबून उभा राहायचास, पण तिथून हलायचा नाहीस. आता भांडी घेऊन इतवारीत जावं लागतं. मी सगळे गंज ओळीनं मांडले आणि बघितलं, यातल्या कोणत्या गंजासाठी मी उन्हात इतवारीत जाईन, कल्हईचे पैसे देईन? दोन निघाले. ते कल्हई करून वापरात आणणार आहे. बाकीचे चार मोडीत. गुंड अंगणात पाण्याला ठेवलेत.

कूलरवरून बाबांचं आणि माझं जरा वाजलं. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा याच कूलरसमोर आपण सगळे ओळीनं झोपायचो आणि बाबा रात्री दोनदा उठून पाणी भरायचे. त्यांचा जीव आहे त्याच्यावर. पण तळाच्या पत्र्याची चाळणी झालीय. मोटर चांगली आहे म्हणून काढून ठेवली, पत्रा जाऊ देणार. ते अजून मनापासून हो म्हणाले नाहीत, मीही घाई करत नाहीये.

कागदांचं सोपं होतं. रजिस्ट्री, घराचा नकाशा, बाबांचे पेन्शनचे कागद आणि तुमच्या मार्कशीटा कपाटात ठेवल्या. विजेची जुनी बिलं रद्दीत.

आता तुझं. तुझा ड्रॉइंगचा मिनी ड्राफ्टर, वह्यांची दोन खोकी, आणि तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल. वह्या तू ठेवशील असं वाटत नाही, तरी सांग. बैलाचं विचारताना मला जड जातंय. आजोबांनी त्याला झूल शिवली होती. तू दोरी धरून गल्लीभर फिरायचास आणि बोजाऱ्याचे, म्हणजे बैल दाखवून मिळालेल्या खाऊचे, पैसे मुठीत घट्ट धरून यायचास. एका वर्षी गर्दीत शिंग मोडलं, तू जेवला नाहीस, मग आजोबांनी रात्री बसून खुंटी ठोकून नवं बसवलं. ते अजून पक्कं आहे. तू कधी मागितलास नाही आणि मी तुझ्यासाठी म्हणून पंचवीस वर्षं ठेवला. छोटीला हवा असेल तर बाबा पुण्याला येताना घेऊन येतील. नको असेल तर शेजारचा पोट्टा रोज येऊन त्याच्या पाठीवर हात फिरवून जातो, त्याला देईन. माझं मन राखायला हो म्हणू नकोस.

पोळ्याच्या आत कळव. दुसऱ्या दिवशी मारबत आहे, त्या पुतळ्याबरोबर सगळी पीडा गावाबाहेर घालवायची. पिवळी मारबत १८८५ पासून निघते म्हणतात, आणि आजी दरवर्षी त्याआधी घर झाडून घ्यायची. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी रस्त्यावरून यायच्या आधी जे जायचंय ते दाराबाहेर गेलेलं असावं, असं तिचं असायचं. यंदा मीही तसंच करणार आहे.

बैलाच्या चाकांना काल तेल घातलं. चालतो, पण जरा डावीकडे ओढतो.

तुझी
आई