फुटबॉलच्या बातमीत मैदानही दिसावे

महोदय,

आपल्या दैनिकातील स्थानिक फुटबॉल सामन्यांच्या बातम्या मी जर्मनीतील डॉर्टमुंड येथे इंटरनेटवर नियमित वाचतो. त्यांविषयी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे बालपण कोल्हापुरात शाहू स्टेडियमपासून दहा मिनिटांच्या अंतरावर गेले, तरी फुटबॉलकडे मी कधी वळलो नाही. क्लब क्रिकेटमध्ये अनेक वर्षे गुणलेखन केल्यामुळे, नव्वद मिनिटे धावूनही ज्यात कित्येकदा वहीत लिहिण्यासारखे काही घडत नाही, तो खेळ पाहण्याजोगा नाही, असे माझे ठाम मत होते.

नोकरीनिमित्त येथे आल्यावर एका सहकाऱ्याच्या आग्रहाने बोरुसिया डॉर्टमुंडचा सामना पाहिला. येथील स्टेडियमची क्षमता 81 हजारांहून अधिक असून, दक्षिणेकडील सज्जात सुमारे 25 हजार लोक उभे राहून सामना पाहतात. 'पिवळी भिंत' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गर्दीने मी भारावून गेलो, पण खेळ मात्र कळला नाही. पुढच्या सामन्यात सहकाऱ्याने सुचवले, की दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता फक्त बचावफळीतील चौघांकडे पाहावे.

त्या दहा मिनिटांत माझे मत बदलले. पास दिला जातो त्या क्षणी आघाडीवीर प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या मैदानात असून चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत असतो, हे मी ऐकून होतो. परंतु याच नियमाच्या आधाराने चार बचावपटू एका ओळीत पुढे सरकून प्रतिस्पर्ध्याचे मैदान कसे आखूड करतात, आणि त्यांतला एक जण पाऊलभर मागे राहिला, तर सारी ओळ कशी निकामी होते, हे मी प्रथमच पाहिले. क्रिकेटमध्ये कर्णधार दोन चेंडूंच्या मधल्या वेळात क्षेत्ररक्षण बदलतो. येथे चेंडू खेळात असतानाच अकरा जण ते अखंड बदलत असतात. तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, तरी मी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. दूरचित्रवाणीवर कॅमेरा बहुतेक वेळ चेंडूमागे फिरतो, त्यामुळे घरी बसून हे मला कधी दिसले नसावे.

आणखी एका गोष्टीने मला कोल्हापूरची आठवण झाली. जर्मनीतील बहुतेक व्यावसायिक क्लबांत मतांचे बहुमत सभासदांकडे राहावे, असा नियम आहे. संघ आपला आहे ही भावना कोल्हापुरातील पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या फुटबॉल संघांच्या पाठीराख्यांना कोणी शिकवावी लागत नाही. पेठापेठांतून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्यातला. इतके जवळ असलेले हे वैभव मी परदेशी येईपर्यंत पाहिले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

स्थानिक सामन्याच्या बातमीत आज गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट मिळते. बचावफळी कोठे फुटली, मध्यरक्षकांनी जागा कशी मोकळी केली, गोलशून्य सामन्यात कोणाचा डाव यशस्वी झाला, यांवर चार ओळी आणि जमल्यास एखादी आकृती छापावी. केवळ क्रिकेट पाहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकांना त्यामुळे या खेळाची वाट सापडेल. पुढच्या हंगामात सुटी घेऊन मी कोल्हापूरला येणार आहे; तोवर असे एखादे वार्तांकन वाचायला मिळावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डॉर्टमुंड (मूळ कोल्हापूर)