डाव्या बुटातली क्लीटची पट्टी निकामी झाल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(बिलावरील पत्त्यावर)

विषय: एमटीबी (डोंगरी सायकलिंगच्या) बुटांचे पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत आणि सदोष माल घरून उचलून नेण्याबाबत

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून घेतलेल्या काळ्या, लेसवाल्या एमटीबी बुटांपैकी डाव्या बुटातली, क्लीटचे (बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या धातूच्या तुकड्याचे) बोल्ट ज्यात बसतात ती लोखंडी पट्टी निकामी झाली आहे. याची तक्रार तुमच्या ग्राहक सेवेने परस्पर बंद केली. आधी कारण दिलं की सोलवरचं कव्हर कापलेलं आहे. मी पुन्हा लिहिल्यावर कारण बदललं आणि 'चुकीची फिटिंग व चिखलपाण्यातला वापर' असं झालं. दोन्ही कारणं मला मान्य नाहीत. फोनवर तुमची माणसं समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच 'सर, पॉलिसी' म्हणतात, म्हणून सगळं लेखी देतो आहे.

मी बेळगावात अनगोळला राहतो आणि उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम करतो. कामावर सायकलनेच जातो, सुट्टीच्या दिवशी येळ्ळूरच्या गडाकडे नाहीतर जांबोटीच्या रस्त्याला. सायकलला एसपीडी पेडल आहेत, म्हणजे बुटाची क्लीट जबड्यात पकडून ठेवणारी. मला बूट हवे होते ते दोन बोल्टच्या क्लीटचे, क्लीट सोलच्या खाचेत आत बसणारी, म्हणजे उतरून चालता येतं. रोडवाल्यांचे तीन बोल्टचे बूट माझ्या कामाचे नाहीत. त्यांची क्लीट सोलच्या बाहेर असते आणि ते घालून शॉपमधल्या तेलकट फरशीवर चालायचं म्हणजे हाडं मोडून घ्यायची. शर्यतीचे चकचकीत, बकलवाले एमटीबी बूटही नकोत. जे घालून कारखान्यात, बँकेत, खडेबाजारात गेलं तरी कुणी पायाकडे बघत नाही असे साधे बूट हवेत, आणि किंमत घरात सांगता येईल इतकी हवी. तुमच्या पानावर नेमकं हेच लिहिलं होतं: 'दोन बोल्टच्या एसपीडी क्लीटसाठी तयार, रोजच्या वापरासाठी, ट्रेलसाठी.' नावाजलेल्या कंपनीचे असे बूट जवळजवळ दुप्पट किमतीला होते. तुमचे चार हजारांच्या आत मिळाले.

स्वस्तातल्या वस्तूत काहीतरी कमी असणार हे मला कळतं, आमचा धंदाच तो आहे. सोल मऊ आहे, उभ्या चढाला पेडल तळव्याला टोचतं. चालतंय. आतली गादी लवकर बसली, तेही चालतंय. सोलचे रबरी दात इतके उंच आहेत की क्लीट पेडलपर्यंत पोचेना. ते मी ब्लेडने तासून घेतले आणि तुम्हाला एका शब्दाने कळवलं नाही. बुटाचं पुढचं टोक चांगलं मजबूत आहे, लेस चेनमध्ये अडकू नये म्हणून दिलेला इलॅस्टिकचा पट्टाही उपयोगाचा आहे, तेही नोंदवतो. पण पायाची सुटका व्हायलाच हवी, तिथे काटकसर चालत नाही.

एसपीडीत पाय सोडवायचा तर टाच बाहेर फिरवायची. बूट फिरतो, बुटाबरोबर क्लीट फिरते आणि पेडलचा जबडा उघडतो. यासाठी क्लीट बुटाला घट्ट धरलेली असावी लागते. एक बोल्ट जरी पकड सोडून बसला, तर क्लीट दुसऱ्या बोल्टभोवती फिरते, म्हणजे टाच कितीही फिरवा, बूट फिरतो आणि क्लीट पेडलमध्ये तशीच. येळ्ळूर गडाच्या उतारावर, जांभ्या दगडांच्या पट्ट्यात, समोर म्हशी आल्या म्हणून थांबताना माझं हेच झालं. सायकलसकट डाव्या अंगावर आडवा झालो. कोपर सोलवटलं, मोडलं काही नाही. बरोबरच्या मित्राने लेस सोडून माझा पाय बाहेर काढला आणि बूट पेडललाच लटकत राहिला. मागे ट्रक असता तर हे पत्र दुसऱ्या कुणाला लिहावं लागलं असतं.

बूट घरी पकडीने पिळून काढला. आतली गादी उचलून पट्टी बाहेर घेतली आणि दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये व्हर्नियरने मोजली. जाडी १.६ मिलीमीटर. क्लीटचे बोल्ट एम५ चे असतात, त्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८ मिलीमीटर. म्हणजे बोल्टला धरायला जेमतेम दोन आटे मिळतात. एम५ चा बाजारात मिळणारा साधा नटसुद्धा सुमारे ४ मिलीमीटर जाडीचा असतो, आणि त्यावर कुणी उभं राहून टाच पिळत नाही. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचे जुने, फाटलेले बूट होते. त्यातली पट्टी काढून शेजारी ठेवली. तीही पत्र्याचीच आहे, पण प्रत्येक भोकापाशी पत्रा दाबून कॉलर उठवली आहे आणि आटे त्या कॉलरमध्ये आहेत. तुमच्या पट्टीला कॉलर नाही, नुसतं भोक पाडून त्यातच आटे पाडले आहेत. पुढच्या भोकातले आटे तारेसारखे सुटून बोल्टलाच गुंडाळून आलेत. जवळून काढलेला फोटो पाठवतो आहे, तुमच्या क्वालिटी विभागातल्या कुणाही माणसाला दाखवा.

शिमानोने ही एसपीडी पद्धत १९९० मध्ये आणली. दोन बोल्टची ही रचना तेव्हापासून जगभर वापरात आहे आणि तिच्या पट्टीला किती आटे लागतात हे नव्याने शोधायला नको. कॉलर उठवलेल्या पट्टीला तुम्हाला असे किती रुपये जास्त पडले असते? आमच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही प्रेसवाल्याला विचारा, तो चहा संपायच्या आत सांगेल.

आता तुमच्या कारणांकडे येतो. सोलला क्लीटच्या जागी रबराचं कव्हर आहे, ते कडेच्या रेषेवर सुरीने कापून काढल्याशिवाय क्लीट बसतच नाही. तुमच्याच माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर कापायचं चित्र आहे. आणि परतीच्या अटीत लिहिलं आहे की कव्हर कापलेला बूट परत घेतला जाणार नाही. म्हणजे ज्या कामासाठी बूट विकला, त्या कामाला तो लावला की परतीचा हक्क गेला! न कापता बूट परत करता येतो, पण न कापता पट्टी खराब आहे हे कळायचं कसं? दुसऱ्या कंपन्या हेच कव्हर दोन स्क्रूंनी बसवून देतात, काढून पुन्हा लावता येतं. तुम्हाला परतीची एवढी काळजी असेल तर तसं करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, मग अट पानाच्या तळाशी कितीही बारीक अक्षरात छापलेली असो.

फिटिंगबद्दल. ५ ते ६ न्यूटन-मीटर टॉर्कला, म्हणजे पिळायच्या इतक्या जोराने, बोल्ट आवळायचे असतात. मी शॉपमधल्या टॉर्क रेंचने ५ ला आवळले. आमच्याकडची रेंच वेळच्या वेळी कॅलिब्रेट होते, दाखला मागाल तर पाठवीन. तुमच्या माहितीपत्रकात मात्र टॉर्कचा आकडाच नाही, 'नीट घट्ट करा' एवढंच आहे. जो आकडा तुम्ही दिलाच नाही, तो मी चुकवला हे कशावरून ठरवलंत?

चिखलाबद्दल तर काय बोलावं. बुटाच्या खोक्यावर चिखल उडवत जाणाऱ्या सायकलस्वाराचा फोटो तुम्हीच छापलाय. हा बेळगावचा भाग आहे, जून लागला की जांबोटी-कणकुंबीकडे दिवसदिवस पाऊस थांबत नाही, इथली तांबडी माती बुटाला लागणारच. आणि चिखलाने गंज चढतो, आटे उपटून येत नाहीत. पट्टीवर गंजाचा ठिपका नाही, फोटोत दिसेल.

शेवटचा मुद्दा पिकअपचा. बूट घरपोच आले, तीन दिवसांत, गल्लीचा पत्ताही न विचारता. परत पाठवायचं म्हटल्यावर 'तुमच्या पिनकोडला रिटर्न पिकअप उपलब्ध नाही, जवळचं केंद्र कोल्हापूर' असं उत्तर आलं. कोल्हापूर इथून शंभर किलोमीटरच्या वर आहे आणि दुसऱ्या राज्यात आहे. सीमाभागातल्या माणसाला इकडून तिकडे टोलवलं जायची सवय आहे, पण ती कचेऱ्यांकडून. बुटाच्या कंपनीने त्यात भर घालू नये. माल द्यायला बेळगाव सापडतं, तर न्यायलाही सापडेल.

माझं म्हणणं असं. बिलाची पूर्ण रक्कम परत करा आणि बूट माझ्या घरून तुमच्या खर्चाने न्या. त्याच मालातली बदली जोडी नको, तिच्यातही हीच पट्टी असणार. हे मॉडेल अजून विक्रीला आहे, तेव्हा पट्टी बदलेपर्यंत ते क्लीटसाठी म्हणून विकू नका. साधे बूट म्हणून विका, चालायला ते वाईट नाहीत. ज्यांनी आधीच घेतले त्यांना पट्टी तपासायला कळवा. त्यांची नावं-पत्ते तुमच्याकडे आहेत, सणासुदीच्या ऑफरचे मेसेज बरोबर पोचतात.

नियमाप्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथे दावा लावता येतो, तेव्हा उत्तर तुम्हाला इथल्या आयोगापुढे द्यावं लागेल. पत्राची एक प्रत खोक्यावर छापलेल्या आयातदाराच्या पत्त्यावरही स्पीड पोस्टाने पाठवली आहे.

बिलाची प्रत, दोन्ही पट्ट्यांचे फोटो आणि ग्राहक सेवेची दोन्ही उत्तरं सोबत जोडली आहेत. डावी पट्टी बोल्टसकट वेगळ्या पिशवीत ठेवली आहे. ती पिकअपवाल्याच्या हातात देणार नाही, तपासणीसाठी हवी असेल तर तसं लेखी कळवा. बूट न्यायला माणूस पाठवाल तेव्हा संध्याकाळी सहानंतर पाठवा, दिवसा मी कारखान्यात असतो.

आपला,
एक ग्राहक
अनगोळ, बेळगाव