कळ आली की उठायचं

चि. प्राजक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला मोकळं बोलता येत नाही, हे मला कळतं. खोलीत बाकीच्या मुली असतात, मग "हो", "बघते", "ठेवू का" यावरच सगळं संपतं. म्हणून डब्याबरोबर हे पत्र पाठवते आहे. एकटी असशील तेव्हा वाच आणि लाजू नकोस. उपकेंद्रात येणाऱ्या बायका आधी अंगदुखीचं सांगतात, चक्कर येते म्हणतात, गोळ्या घेतात आणि निघताना दारात थांबून हळूच म्हणतात, "सिस्टर, पोट साफ होत नाही." खरं तर त्या त्यासाठीच आलेल्या असतात.

तू म्हणालीस, तीन-चार दिवसांनी होतं, खडा होतो, कुंथावं लागतं. मैत्रिणीनं दिलेलं चूर्ण घेतलं की एक दिवस जुलाब, मग पुन्हा तेच. आणि परवा रक्ताचे थेंब दिसले. रक्ताचं पुढे लिहिते. आधी मला काय वाटतं ते सांगते. तुझ्या पोटात मोठा बिघाड असेल असं मला वाटत नाही. तिथे गेल्यापासून तुझा दिवसच असा लागलाय की पोटाला त्याचं काम करायला सवड उरलेली नाही.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. जेवणातलं सगळं सत्त्व आधीच शोषून झालेलं असतं, मोठ्या आतड्यात येतो तो पातळ चोथा. त्यातलं पाणी ओढून घेणं हे आतड्याचं काम. चोथा जितका जास्त वेळ आत राहील तितकं पाणी ओढलं जातं आणि तितका तो कडक होतो. तो गुदाशयात, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात, उतरला की तिथली भिंत ताणते आणि आपल्याला कळ येते. ती कळ दाबली तर काही मिनिटांत जाते. आपल्याला वाटतं, बरं झालं, गेली. पण मळ तिथेच असतो आणि आणखी सुकत असतो. असं रोज होत गेलं की गुदाशयाला त्या ताणाची सवय होते, कळ उशिरा येते, मंद येते, पुढे पुढे तर कळतही नाही.

आता तुझी सकाळ बघ. अभ्यासिकेत पंख्याखालची जागा मिळावी म्हणून तू अंधारात उठून निघतेस. एका संडासाला इतक्या मुली, बाहेरून कोणीतरी कडी वाजवणार, म्हणून तू जातच नाहीस. चहा-बिस्किट खाऊन खुर्चीवर बसल्यावर नेमकी कळ येते, कारण पोटात काही गेलं की मोठं आतडं हलायला लागतं. ही शरीराची रीतच आहे आणि सकाळी ती सगळ्यात जोरात असते. पण अभ्यासिकेतला संडास घाण, म्हणून तू दाबतेस. वर तिथे जावंच लागू नये म्हणून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीस. हे तूच बोलता बोलता सांगितलंस आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. असं दिवसभर कोरडं राहून लघवीचीही जळजळ सुरू होईल.

म्हणून पहिलं औषध वेळेचं. सकाळी रांग असेल तर सकाळचा हट्ट सोड. आतडं हलतं ते कुठल्याही जेवणानंतर. दुपारी मेसमधून परत अभ्यासिकेत न जाता खोलीवर जा. त्या वेळी मुली बाहेर असतात, कडी वाजवायला कोणी नसतं. जेवणानंतर पाव-अर्ध्या तासानं जाऊन बस. कळ नसली तरी पाच-दहा मिनिटं बस, जोर लावू नकोस, मोबाइल बाहेर ठेव. नाही झालं तर ऊठ. रोज त्याच वेळेला गेलीस की हळूहळू शरीराला ती वेळ कळते. आणि मधे कधीही कळ आली तर हातातलं पान तसंच ठेवून उठायचं, मग टेस्ट सिरीज चालू असली तरी. पंख्याखालची जागा गेली तर जाऊ दे.

तुमच्याकडे कमोड आहे ना? पायाखाली प्लास्टिकचं बुटकं स्टूल घे, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील, आणि थोडी पुढे वाकून बस. गुदाशयाच्या तोंडाशी एक स्नायू पट्ट्यासारखा असतो, तो एरवी मार्ग दुमडून धरतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि मार्ग सरळ होतो. भारतीय बैठकीत हे आपोआप होतं.

रोज झालंच पाहिजे असंही मनात धरू नकोस. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही ठीक, फक्त मऊ हवं आणि कुंथावं लागू नये. दवाखान्यात ब्रिस्टलचा तक्ता असतो, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 मध्ये मांडलेला. त्यात मळाचे 7 प्रकार चित्रांत दिलेत. 1 म्हणजे सुट्या कडक गोळ्या, 2 म्हणजे गाठीगाठींचा लांबट, 3 आणि 4 चांगले, 7 म्हणजे निव्वळ पाणी. तू 1 आणि 2 मध्ये आहेस, आपल्याला 4 वर यायचंय. डॉक्टरांना आकडा सांगितलास तरी पुरे, वर्णन करत बसावं लागणार नाही.

खाण्याचं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं 2000 कॅलरीच्या आहारात 30 ग्रॅमच्या आसपास तंतू, म्हणजे न पचणारा चोथा, हवेत. तुझ्या मेसचं ताट म्हणजे भात, बटाटा, पातळ वरण, आणि संध्याकाळी भूक लागली की वडापाव. पॉलिशच्या 100 ग्रॅम तांदळात 3 ग्रॅमही तंतू नसतात, तेवढ्याच ज्वारीत 10 असतात. मेसवाल्या काकूंना दुपारी भाकरी मिळेल का विचार, पुण्यात अवघड नाही. नाही मिळाली तर पोळी खा, भात कमी कर, उसळ असेल त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घे. रोज एक पेरू खा, बियांसकट. 100 ग्रॅम पेरूत 8 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि तो चिरायला, शिजवायलाही लागत नाही. पण सगळं एका दिवसात वाढवू नकोस, पोट फुगेल. आणि पाण्याची बाटली रोज दोनदा तरी भरून संपव. कोरड्या पोटात नुसता चोथा वाढवून उपयोग नाही.

ते चूर्ण मला फोटोवर दाखवलंस. त्यात सोनामुखी आहे. ती आतड्याला ढोसून हलवते, म्हणून मुरडा येतो. कधीतरी एखाद्या वेळेस ठीक, पण कोणाला न विचारता रोज घ्यायची ती वस्तू नाही. त्याऐवजी डब्यात इसबगोल ठेवलंय. रात्री एक चमचा मोठ्या ग्लासभर पाण्यात घालून लगेच पी, फुगू देऊ नकोस, आणि वर आणखी पाणी पी. कोरडं कधीच तोंडात टाकू नकोस, घशात अडकतं. दुसऱ्या कुठल्या गोळ्या असतील तर दोन तासांचं अंतर ठेव. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात.

आता रक्त. लालभडक थेंब, जाताना काचेनं कापल्यासारखं दुखणं आणि नंतर बराच वेळ आग, हे बहुतेक वेळा चिरेचं लक्षण असतं. डॉक्टर त्याला फिशर म्हणतात. कडक खड्यानं गुदद्वाराच्या कडेची नाजूक कातडी फाटते. मग दुखेल या भीतीनं माणूस जाणं टाळतो, मळ आणखी कडक होतो आणि पुढच्या वेळी चीर पुन्हा उघडते. बायका याला सरसकट मूळव्याध म्हणतात आणि 'बिनऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशा पाट्या लावलेल्यांकडे जातात. तू तिकडे फिरकायचंसुद्धा नाहीस. एमबीबीएस डॉक्टरकडे जा, बाई डॉक्टर हवी तर तसं शोध. तोपर्यंत टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं बस, विशेषतः शौचाला जाऊन आल्यावर. मळ मऊ राहिला की बहुतेक नव्या चिरा काही आठवड्यांत भरतात. पण माझ्या पत्रावर विसंबून तपासणी टाळू नकोस. रक्त नेमकं कुठून येतंय हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

डॉक्टरांना तुझ्या लोहाच्या गोळ्यांचंही सांग. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून सुरू केल्यास ना? लोहानं मळ कडक होतो, काळाही होतो. गरोदर बायकांना आम्ही लाल गोळ्या देतो, त्या पोट धरतात म्हणून कितीजणी डब्याच्या मागे लपवून ठेवतात आणि मला "घेतल्या" म्हणून सांगतात. बाळंतपणात रक्त कमी पडलं की मग जिवावर बेततं. तू तुझ्या मनानं गोळी बंद करू नकोस, डॉक्टर मात्रा किंवा वेळ बदलून देतील. थकवा, वाढलेलं वजन, सारखी थंडी असं काही असेल तर थायरॉइड तपासायला सांग. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त त्रास होत असेल तर घाबरू नकोस, तेव्हाच्या संप्रेरकानं आतडं मंदावतं आणि पाळी आली की सुटतं.

मात्र पोट फुगलं, उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही असं झालं, तर रात्र असली तरी थेट मोठ्या दवाखान्यात जायचं, मला नंतर कळवलंस तरी चालेल. न ठरवता वजन उतरायला लागलं किंवा रक्त जास्त पडायला लागलं तरी अंगावर काढायचं नाही.

डब्यात ज्वारीचं पीठ, भिजवायला मटकी आणि भाजलेलं जवस ठेवलंय. जवसाची चटणी तुला आवडते, लसूण तिकडे घाल. डॉक्टरांच्या फीचे पैसे वेगळे पाठवलेत, ते पुस्तकांत घालू नकोस. बाबांना मी फक्त 'तिला दाखवायला सांगितलंय' एवढंच बोलले आहे. शनिवारपर्यंत दाखवून ये आणि कागदाचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई